पाहुण्यांची वही

सिस्टरबाईंना किळस येणार नाही अशी वस्तू अख्ख्या रायपुरात शोधून सापडली नसती. वेदीवरची प्लास्टिकची फुलं, बोटाला थुंकी लावून गीतपुस्तकाचं पान उलटणारे, प्रार्थनेत एक डोळा उघडा ठेवून कोण आलं कोण नाही ते बघणारे, लग्नात पनीर दिसलं की पुन्हा ताट घेऊन रांगेत उभे राहणारे, नाताळात चर्चच्या भिंतीवर उघडझाप करणारे दिवे, या सगळ्यांच्या वाट्याला त्यांचं एकच अक्षर यायचं. "शी!" आवाज मोठा नसायचा, पण ज्याच्यासाठी असायचा त्याला तो तिसऱ्या बाकावरही ऐकू जायचा. मला तो आयुष्यात पुष्कळदा ऐकू गेला आहे.

गंमत अशी की बाई नर्स होत्या. सगळा जन्म सरकारी दवाखान्यात गेला. सडलेल्या जखमा धुतल्या, त्यातले किडे चिमट्यानं वेचले, बेवारशी म्हाताऱ्यांचं हगणं-मुतणं काढलं, आणि तेव्हा त्यांच्या तोंडून कधी हूं की चूं निघालं नाही. मी समता कॉलोनीतल्या एका दवाखान्यात लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांचं रक्त आणि थुंकी हाताळते. नवी होते तेव्हा घरी येऊन जेवण जात नसे. बाईंना विचारलं, तुम्हाला कसं जमलं? त्या म्हणाल्या, "पू-रक्ताची कायची किळस पोट्टी? ते बिचारं बाहेर निंगून राहिलं. जे आत राहते नं माणसाच्या, त्याची येते मले." तेव्हा हे वाक्य मला नुसतं चटकदार वाटलं होतं.

आमचं चर्च लुथरन. म्हणजे काय, असं विचारलं तर आमच्यातले निम्मे लोक "आपण कॅथलिक नाही" एवढंच सांगतील, आणि उरलेल्यांना तेवढंही सांगता येणार नाही. आमचे आजे-पणजे वऱ्हाडातून आणि छिंदवाड्याकडून रेल्वेच्या नोकरीवर इकडे आले. त्यांनी आधी कोणाच्या तरी अंगणात उपासना केली, मग चार भिंती उभ्या केल्या, वर कवेलू घातली आणि घंटा टांगली. पुढे रेल्वेतूनच तेलुगू कुटुंबं आली. ती इतक्या जोरात गायची की आमचं मराठी गाणं त्याखाली बुडून जायचं, आणि मग आमचे लोक चवताळून आणखी जोरात गायचे. माझ्या लहानपणी रविवारी बाहेर उभं राहायला लागायचं.

चर्चची वही सिस्टरबाईंकडे होती. आमच्यात जुनी रीत अशी की ज्याला प्रभुभोजन घ्यायचं असेल, त्यानं आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, स्वतः येऊन नाव द्यायचं. आता बहुतेक ठिकाणी ही रीत मोडली आहे. आमच्याकडे ती टिकली ती बाईंमुळे. व्हरांड्यात टेबल टाकून त्या बसायच्या. इस्त्रीची पांढरी साडी, मनगटावर आतल्या बाजूला घड्याळ, समोर वही. नाव लिहिण्याआधी एक प्रश्न ठरलेला. "कोणाशी भांडण आहे का?" असेल तर आधी मिटवून यायचं, मग नाव. एकदा माझ्या आईनं धाकट्या काकूशी पितळी डब्यावरून अबोला धरला होता. "नाही बाई, कोणाशी नाही," आई म्हणाली. बाईंनी पेन खाली ठेवलं. "अन् तो डबा?" आई तशीच तडक काकूकडे गेली आणि तासाभरानं दोघी हात धरून आल्या. डबा कोणाकडे राहिला ते आजतागायत कळलं नाही, पण नाव लागलं.

अशा बाईची आम्हाला भीती वाटायची आणि तितकाच लळाही होता. मला दहावीत टायफॉइड झाला तेव्हा ड्युटीवरून सुटून त्या रोज शंकर नगरातून सायकल मारत यायच्या. कपाळावर पट्टी ठेवताना "शी, किती घामट पोट्टी आहे" म्हणायच्या, आणि पट्टी बदलत बसायच्या. लग्न त्यांनी केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "नवरे पाहिले नं मी वार्डात, रांगेनं." लॅबच्या कोर्सचा फॉर्म त्यांनीच आणून दिला. मी आज जी काही माझ्या पायावर उभी आहे ती त्यांच्यामुळे, हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढे जे लिहायचं आहे त्यात माझा काही मोठेपणा नाही.

चर्चची मंडळी पातळ होत गेली. जुन्या घरांतली मुलं पुण्याला, बंगळुरूला, दुबईला गेली. काही जण नव्या गाण्याबजावण्याच्या चर्चमध्ये गेले, जिथं गिटार असतं आणि खुर्च्यांना गाद्या असतात. म्हातारे एकेक करून कबरस्तानात गेले. पुढचे बाक रिकामे पडले. आणि त्याच सुमाराला मागचे भरायला लागले. जशपूरकडचे उरांव आदिवासी होते ते. पोरी शंकर नगरात घरकामाला, पोरं कुठं चौकीदार, कुठं बांधकामावर. तिकडे गावंच्या गावं पिढ्यान् पिढ्या लुथरन आहेत. ते शहरात आले, घंटा ऐकली आणि आपलं घर समजून आत येऊन बसले. चप्पल दाराशी काढून, मागच्या भिंतीला टेकून.

पहिली "शी" बाईंचीच. मी खोटं कशाला लिहू? "शी, किती तेल चोपडून येतात डोक्याले. बाकाला डाग पडून राहिले." असं त्या मला म्हणाल्या होत्या. आणि त्या पोरी शनिवारी नाव द्यायला आल्या तेव्हा बाईंनी त्यांना ठरलेला प्रश्न विचारलाच नाही. वेगळंच विचारलं. "चिट्ठी कहाँ है?" कारण दुसरी रीत अशी की एका मंडळीतून दुसऱ्या मंडळीत जाताना आधीच्या पाळकाची, म्हणजे पाद्रीसाहेबांची, चिठ्ठी आणायची, की हा माणूस आमचा, बाप्तिस्मा झालेला, मोठेपणी दृढीकरण झालेला, याला आपल्यात घ्या. पोरींकडे कसली चिठ्ठी? त्या एजंटाबरोबर एक पिशवी घेऊन आलेल्या. बाई नियमाच्या पक्क्या. चिठ्ठी नाही म्हणजे सभासद नाही. पण उपाशी तरी कसं पाठवायचं? म्हणून त्यांनी एक दुसरी वही घातली. वर स्वच्छ अक्षरात लिहिलं, "पाहुणे". त्यांना वाटलं, आपण मोठी सोय केली.

सुशांती त्यातली. आमच्याच दवाखान्यात झाडू-फरशी आणि बेडपॅन करायची. आली तेव्हा लग्नाआधीची पोर होती. तिचं लग्न झालं, दोन मुलं झाली, मुलांचे बाप्तिस्मे आमच्या चर्चमध्ये झाले, आणि ती पाहुण्यांच्याच वहीत राहिली. दर महिन्याला नाव देताना ती हसत विचारायची, "सिस्टर दीदी, मेरा नाम पक्की वाली कॉपी में कब आएगा?" बाई म्हणायच्या, "चिट्ठी ला, आज लिखती हूँ." ती म्हणायची, "छुट्टी मिले तब ना दीदी." दोघी हसायच्या. असं सोळा वर्षं चाललं. सोळा वर्षांचा पाहुणा मी तरी दुसरीकडे कुठं पाहिला नाही.

आमचे जुने लोक तोवर एक गोष्ट शिकले होते. प्रभुभोजनात द्राक्षरसाचा पेला एकच असतो. चांदीचा, सगळ्यांनी त्यातूनच प्यायचं, पाळक काठ पुसून फिरवतो. तर आमचे लोक घाईघाईनं पहिल्या रांगेत गुडघे टेकायला लागले. भक्तीनं नव्हे. पाहुण्यांच्या आधी ओठ लागावे म्हणून. ज्या पोरींनी घासलेल्या ताटात आपण सकाळी नाश्ता केला, त्यांच्या नंतर पेला नको. हे कोणी बोलायचं नाही. नुसती घाई दिसायची. मीही त्या घाईत असायची. सिस्टरबाई तर सगळ्यात पुढे.

मग कोरोना आला, चर्च बंद झालं, आणि उघडलं तेव्हा चांदीचा पेला कपाटात गेला होता. त्याच्या जागी छोटे छोटे काचेचे पेले आले, ज्याचा त्याचा वेगळा. त्यात वावगं काही नव्हतं. रोग होता, भीती होती. पण रोग गेला आणि वर्षभरानं एका रविवारी वेदीच्या बाजूला दोन ट्रे दिसले. एकात काचेचे पेले. दुसऱ्यात टपरीवर चहा देतात ते कागदाचे कप. आधी सभासद, मग पाहुणे. सभासदांना काच, पाहुण्यांना कागद. आणि कठड्याजवळ हातात वही घेऊन, कोणाला कुठून द्यायचं ते पाळकांना खुणेनं सांगत उभा होता आमच्या मंडळीचा सेक्रेटरी, म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. हातातली वही सिस्टरबाईंची होती, पाहुण्यांची. दादानं सकाळीच "जरा बघायला" म्हणून मागून घेतली होती.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. कामवालीचा कप खिडकीत वेगळा ठेवणारी घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पण देवाच्या टेबलावर? त्या दिवशी सुशांती आपल्या मोठ्या पोरीला घेऊन आली होती. पोरीचं पहिलंच प्रभुभोजन. पोरीनं कागदाचा कप हातात घेतला आणि आईकडे बघितलं. सुशांतीनं मान खाली घातली होती. नंतर ते कप उपासनेतच, गाणं चालू असताना, काळ्या पिशवीत टाकून बांधून बाहेर नेले.

मी बाईंकडे पाहिलं. वाटलं, आता येईल ती "शी". आली नाही. त्या काचेचा पेला न घेताच बाकावर येऊन बसल्या होत्या आणि आपल्या उजव्या हाताकडे, लिहिणाऱ्या हाताकडे, बघत होत्या. उपासना सुटल्यावर दादाकडून वही मागून घेतली. मला म्हणाल्या, "मीच केलं नं हे? या लोकायले माणसं वेगळी काढायले यादी नव्हती. ती मी लिहून दिली, सोळा वर्षं बसून, चांगल्या अक्षरात." मी म्हटलं, तुमचा तसा हेतू नव्हता. "हेतूले काय चाटू?" बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या दवाखान्यात आल्या आणि सुशांतीला म्हणाल्या, "छुट्टी ले. चिट्ठी लाने जाएँगे." सुशांतीला वाटलं थट्टा आहे. बाईंचं वय पंचाहत्तरच्या पुढे, गुडघे दुखणारे, आणि उरांव मुलुखातली गावं एक इकडे एक तिकडे, बस सोडून पुढे चालत जायची. मी म्हटलं, फोन करा, व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. "चिठ्ठी मी मागितली होती नं? मग मीच जाते." गेल्या. अठरा दिवस गेल्या. सुशांती बरोबर. परत आल्या तेव्हा पाय सुजलेले, चेहरा रापलेला, आणि प्लास्टिकच्या पिशवीत चौऱ्याण्णव चिठ्ठ्या. कुठल्या पाळकानं छापील फॉर्मवर दिलेल्या, कुठल्या प्रचारकानं शाळेच्या वहीचं पान फाडून. "कसं होतं तिकडे?" मी विचारलं. त्यांनी पाय गरम पाण्यात सोडले. मग म्हणाल्या, "मले कोणी चिठ्ठी नाही मागितली." एवढंच. तिकडचं आणखी काही सांगितलं नाही.

चिठ्ठ्या कमिटीपुढे गेल्या आणि आमच्या कमिटीला एकदम कायदा आठवला. चिठ्ठ्या तपासाव्या लागतील. काहींवर शिक्का नाही. काही शाईनं नाही, डॉटपेननं आहेत. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. दोन महिन्यांवर निवडणूक होती. पक्के सभासद साठ, त्यातले येणारे चाळीस. चौऱ्याण्णव नवे आले की कमिटी त्यांची. मी दादाकडे जेवायला गेले होते, तेव्हा तो म्हणाला, "उद्या ढोल-मांदर वाजवतील चर्चमध्ये. आपल्या आजोबांनी बांधलेलं आहे ते." वहिनी म्हणाली, "अन् त्यांच्या हातचा प्रसाद आपण घ्यायचा?" ख्रिस्ती घरात प्रसाद हा शब्द कसा काय आला कोण जाणे, पण त्या क्षणी तो अगदी बरोबर बसला. मी भात कालवत होते. मला शिसारी आली आणि मी भात खाल्ला. भावाचं घर, भावाचा भात. आईच्या माघारी माहेर म्हणून तेवढंच उरलेलं.

प्रश्न सभासदांच्या सभेपुढे ठेवायचं ठरलं. मोठ्या मनानं, असं दादा म्हणाला. मत अर्थातच पक्क्या सभासदांचं. पाहुणे बाहेर मैदानात उभे होते, सुट्टीच्या दिवशीही कामावरून अर्धा दिवस मागून आलेले. आत आम्ही चाळीस जण. बाई उठल्या. त्यांनी एक तिसरीच वही आणली होती. जीर्ण, दोरीनं बांधलेली, मंडळीची अगदी पहिली वही. चष्मा लावून त्यांनी पहिलं पान वाचलं. पहिल्या पाळकाचं अक्षर. त्यात आमच्या आजोबांचं, म्हणजे दादाच्या आणि माझ्या आजोबांचं नाव होतं. नावापुढे लिहिलं होतं: "गावाहून आला. चिठ्ठी नाही. माणूस आपला." त्याखाली दुसरं नाव, तेच. तिसरं, तेच. पान उलटलं, पुन्हा तेच. बाईंनी वही मिटली. "तुमच्या कोणाच्याच आज्याजवळ चिठ्ठी नव्हती," त्या म्हणाल्या. "मी ही वही कधी उघडूनच नाही पाहिली. ती माझी चूक. आता तुम्ही पाहिली. आता करा काय करायचं ते."

एक काका म्हणाले, "ते दिवस वेगळे होते." आमच्याकडे ज्याला उत्तर सुचत नाही तो हे म्हणतो. दादानं हात वर करायला सांगितलं. नव्यांना घ्यावं म्हणणाऱ्यांनी. बाईंचा हात वर गेला. दोन तेलुगू म्हाताऱ्यांचे गेले. मागून एका विधवा बाईचा गेला. दादा मोजत माझ्या बाकापर्यंत आला आणि माझ्याकडे पाहिलं. धाकदपटशा काही नव्हता त्या नजरेत. लहानपणी सायकल धरून चालवायला शिकवणारा तोच भाऊ होता. माझे दोन्ही हात पर्सवर होते. ते तिथंच राहिले.

चारच हात. दादानं आकडा कागदावर लिहिला, प्रार्थना केली आणि चहा सांगितला.

फाटकाशी बाईंनी मला गाठलं. बाहेर लोक पांगत होते. सुशांती लांब उभी होती. तिला कोणी निकाल सांगितला नव्हता आणि सांगायची गरजही नव्हती. मला वाटलं बाई दादाला शिव्या घालतील आणि मी मान डोलावेन. त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तुझ्या भावाची नाही येत मले किळस. त्याले तर समजतच नाही. तुले समजते. तुझी येऊन राहिली." आणि रिक्षात बसल्या.

आयुष्यात एवढं स्वच्छ निदान माझं कोणी केलेलं नाही. मी रागावले. आठ दिवस मनात त्यांच्याशी भांडत होते. यांचं काय जातं बोलायला? यांना ना भाऊ ना घर. सोळा वर्षं यादी कोणी लिहिली? सगळं खरं होतं आणि एकाही गोष्टीनं माझे हात पर्सवरून उठत नव्हते.

पुढच्या रविवारी बाईंनी पाळकांकडे स्वतःची चिठ्ठी मागितली. पाद्रीसाहेब भला माणूस, पण राहतं घर मंडळीचं, त्यामुळे त्यांचा भलेपणा नेहमी दाराच्या आत राहायचा. ते म्हणाले, "सिस्टर, आप कहाँ जाएँगी इस उमर में?" बाईंनी गावाचं नाव सांगितलं. सुशांतीचं गाव. "लिहा, की बाप्तिस्मा झालेली आहे, दृढीकरण झालेलं आहे, नर्सिंग येते. अन् शिक्का मारा नीट. शाईनं." त्यांनी मारला. पक्क्या वहीत आपल्या नावावर बाईंनी स्वतःच पट्टी धरून सरळ रेघ ओढली आणि दोन्ही वह्या टेबलावर ठेवल्या. त्यांना बसवून द्यायला स्टँडवर कोण गेलं होतं ते मला माहीत नाही. मी ड्युटीवर होते. ड्युटी बदलून मिळाली असती.

उरांव लोक मग आले नाहीत. एका रविवारी मागची भिंत रिकामी दिसली, आणि पुढच्याही. त्यांनी शंकर नगराच्या मागे एक हॉल घेतला असं ऐकलं. लांबून जाताना मी मांदराचा आवाज ऐकला आहे. आमच्या चर्चमध्ये आता वीसेक माणसं असतात. सगळे पक्के. सगळ्यांना काचेचे पेले. पंखे जास्त आणि माणसं कमी असं झालंय. दादा अजून सेक्रेटरी आहे. तो दर सभेत म्हणतो की तरुण पिढीला देवाचं काही पडलं नाही. त्याचा स्वतःचा मुलगा हे ऐकायला दुबईहून येत नाही. मला त्या सगळ्याची किळस येते, काचेच्या पेल्याची, पॉलिश केलेल्या रिकाम्या बाकांची, आपल्याच आवाजाची. आणि तरी मी दर रविवारी जाते. बाईंनी ज्याला "आत राहते ते" म्हटलं होतं, ते हेच असावं.

सुशांती दवाखान्यात यायची. "गुड मॉर्निंग दीदी" म्हणायची, पूर्वीसारखंच. तिच्या तोंडून बाईंची खबर कळायची. गावच्या चर्चशेजारी खोली दिली आहे. सकाळी ओसरीवर बसून लोकांचं बीपी बघतात. पोरांची नखं कापतात. पाळकांना उपदेश लांबला की मनगटावरचं घड्याळ दाखवतात. एकदा मी तिच्या गावाला जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती शुगर तपासायच्या पट्ट्यांचा डबा पाठवला, चिठ्ठी नाही, नुसता डबा. उलट निरोप आला: पट्ट्यांची मुदत संपायला आली आहे, बघून पाठवत जा. मला इतकं हसू आलं की मी लॅबचं दार लावून घेतलं. मग रडले. नंतर दर दोन महिन्यांनी मुदत बघून पाठवत गेले. दुसरा निरोप कधी आला नाही.

यंदा धान कापणीच्या वेळी सुशांती सुट्टीवर गावाला गेली होती. तिथूनच तिचा फोन आला. बाई पहाटे गेल्या. झोपेतच. "आप आएँगी दीदी?" ती म्हणाली. मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "आता ती आपल्या मंडळीची नव्हती, तरी पण हार पाठवू." मी फोन ठेवला आणि बस पकडली. माणसानं एवढ्या उशिरा केलेल्या गोष्टीला धाडस म्हणत नाहीत.

गावात पोचले तेव्हा दुपार होती. फाट्यापासून चालत आले. पाय धुळीनं माखलेले, चपलेचा अंगठा तुटलेला. चर्चच्या अंगणात गाव जमलेलं. ज्यांना मी मागच्या भिंतीला टेकून बसलेलं पाहिलं होतं, त्यातले बरेच चेहरे होते. कोणी बोलणं थांबवलं नाही, कोणी पाठ फिरवली नाही. एका म्हाताऱ्यानं बाज पुढे केली, बसा म्हणाला. मी म्हटलं, आधी बाईंना बघते. तो म्हणाला, "पहिले पानी." मी बाजेवर बसले.

सुशांती आतून आली. रडून डोळे सुजलेले. तिच्या हातात काशाची परात आणि पाण्याचा लोटा. मला वाटलं प्यायला पाणी आहे, म्हणून मी हात पुढे केला. तिनं परात माझ्या पायाशी ठेवली आणि जमिनीवर बसली. पाणी पाय धुवायला होतं हे मला समजलं आणि मी पाय एकदम मागे घेतले, बाजेच्या खाली. "नको," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं. "सुशांती, तू नको. मी... त्या दिवशी मी हात..." पुढचं वाक्य मला अजून पूर्ण करता आलेलं नाही.

तिनं वर पाहिलं. त्या दिवसाबद्दल ती काहीतरी बोलेल म्हणून मी थांबले. बाजेखाली हात घालून तिनं माझा घोटा धरला, तुटकी चप्पल काढली आणि पाय पुढे ओढून परातीत ठेवला.

"रहने दीजिए दीदी," ती म्हणाली. "हमारे यहाँ मेहमान हैं आप."